भिंतीकडची बाजू

१

धाकटीला झोप लागत नाही ही गोष्ट त्या घरात आता जुन्या खोकल्यासारखी झाली होती. सकाळी चहा गाळता गाळता आई नुसती मान वळवून तिच्याकडे बघायची. डोळ्यांखालची काळी वर्तुळं बघून तिचं तिला कळायचं. बाबा म्हणायचे, "परीक्षा झाली की झोपेल हो. झोपेवाचून कोण राहिलंय आजवर?" आणि बुटांच्या नाड्या आवळून कामावर जायचे. ते शाळेची बस चालवायचे.

गेल्या वर्षी हीच परीक्षा तिने अर्ध्यात सोडली होती. अभ्यास झाला नव्हता अशातला भाग नाही. सगळं येत होतं. पण पेपर हातात पडला, पहिला प्रश्न वाचला, आणि छातीवर कुणीतरी येऊन बसावं तसं झालं. श्वास वरच्या वर अडकायला लागला, अक्षरं मुंग्यांसारखी पानभर पांगली. ती उठली ती थेट रस्त्यावर आली. घरी आईने विचारलं तेव्हा "अवघड होता" एवढंच म्हणाली. थोरला भाऊ याच परीक्षेत पहिल्या फटक्यात पास होऊन दुसऱ्या शहरात नोकरीला लागलेला. त्यामुळे तिला कुणी टोचून बोललं नाही, आणि ते न बोललेलंच तिला जास्त लागलं. यंदाची संधी शेवटची होती. पुढच्या वर्षी ती वयाच्या अटीत बसणार नव्हती.

कॉलेजच्या दवाखान्यात एक डॉक्टरीणबाई बसायच्या. त्यांनी गोळ्या दिल्या नाहीत, श्वासाचा व्यायाम दिला. "नाकाने सावकाश आत घे. पोट फुगू दे. मग धरून ठेव. घाबरायचं नाही, कुणी पळवून नेत नाही तो. आणि मग तोंडाने हळू सोड, गरम चहावर फुंकर घालतेस ना, तशी. दुपारी पेपर सोडवायला बसण्याआधी कर आणि झोपताना कर. बघू काय होतं."

धाकटी सांगितलेलं मन लावून करणाऱ्यांतली. तिची खोली घराच्या टोकाला होती. खिडकीशी टेबल, त्यामागे बाहेरच्या भिंतीला लावलेला पलंग, आणि कपाटावर आईच्या शिवणकामातल्या चिंध्यांची गाठोडी. दुपारी जेवण झालं की ती खुर्चीत ताठ बसायची, डोळे मिटायची आणि सुरुवात करायची.

अशाच एका दुपारी तिने श्वास आत घेतला आणि धरून ठेवला. रस्त्यावर सामसूम होती. पंखा बंद होता, कारण कागद उडत होते.

त्या शांततेत तिच्या पाठीमागे कुणीतरी श्वास सोडला.

२

"आई, इस्त्री चालू आहे का गं?" तिने जागेवरूनच हाक मारली. आईच्या वाफेच्या इस्त्रीचा असाच लांबलचक सुस्कारा यायचा.

मग तिला आठवलं. आई गिऱ्हाइकाचे कपडे पोचवायला गेली होती. जाताना "दार लावून घे" म्हणून सांगूनही गेली होती आणि धाकटीनेच उठून दार लावलं होतं.

तिने वळून पाहिलं. पलंगावर चादर ताणून घातलेली होती, उशी जागच्या जागी. ती स्वतःशीच हसली. झोप नसली की माणसाला काय काय ऐकू येतं, हे तिने वाचलं होतं. ती पेपर सोडवायला बसली. पण मधेच पेन थांबवून तिने पुन्हा श्वास धरला, उगीच, बघू तरी म्हणून. आणि पुन्हा तो आला. घोरणं म्हणता येणार नाही. गाढ झोपलेलं माणूस नाकाने सोडतं तसा, जड आणि समाधानी. पलंगाच्या भिंतीकडच्या बाजूने.

दुसऱ्या दिवशी ती खाली उतरून इमारतीच्या मागच्या बोळात गेली आणि मान वर करून ती भिंत बघितली. तिच्या खोलीपलीकडे घर नव्हतं, गॅलरी नव्हती, पाण्याचा पाइपही नव्हता. सपाट, रंग उडालेली भिंत आणि पलीकडे मोकळी हवा. पाखराला बसायलासुद्धा कोपरा नव्हता.

"काय पडलं का खाली?" रखवालदाराने विचारलं.

"नाही. असंच."

"अभ्यास फार झाला की असं बाहेर येऊन आकाशाकडे बघावं. माझा भाचा पण बघायचा. आता दुकान टाकलंय त्याने."

संध्याकाळी तिने बाबांना भिंतीला कान लावायला लावलं. बाबांनी चष्मा काढला, पलंगावर गुडघे टेकले आणि बराच वेळ ऐकल्यासारखं केलं.

"दिवसभर बसभर पोरांच्या किंकाळ्या ऐकतो मी. माझे कान कधीच कामातून गेलेत," ते म्हणाले. "पण भिंतीला झोप लागत असेल तर चांगलंच आहे की. घरात कुणालातरी लागू दे."

ती हसली. बाबाही हसले. उठताना त्यांनी पलंगावर हात टेकला आणि तो जरा लवकर उचलला. चादर दमट आहे, ऊन दाखव तिला, असं म्हणत ते बाहेर गेले.

३

भीती वाटायला हवी होती. तशी पहिले काही दिवस वाटलीही. पण झोपेसाठी आसुसलेल्या माणसाला भीतीसुद्धा फार वेळ परवडत नाही.

एके रात्री अंथरुणावर तळमळून तळमळून ती रडकुंडीला आली, आणि त्या श्वासाशी भांडायचं सोडून तिने त्याच्याबरोबर श्वास घेतला. तो आत गेला की हिचा आत, तो बाहेर आला की हिचा बाहेर. मोजायची गरज उरली नाही. कुणाचं तरी बोट धरून अंधाऱ्या जिन्यावरून उतरावं तशी ती खाली खाली गेली. आणि जाग आली तेव्हा खिडकीत ऊन होतं, उशीवर लाळेचा डाग होता, आणि आई दारात पदराने डोळे पुसत उभी होती.

"हाका मारल्या मी. नंतर म्हटलं, झोपू दे माझ्या लेकराला."

त्यानंतर ती रोज झोपू लागली. गालांवर थोडी तकाकी आली. सरावाच्या पेपरात मार्क चढायला लागले. पेपर उघडला की छातीत जी धडधड व्हायची ती आता व्हायचीच नाही. आत सगळं संथ असायचं, साचलेल्या पाण्यासारखं. आईने शेजारपाजारी सांगून टाकलं की डॉक्टरीणबाईंच्या हाताला गुण आहे.

बाईंनाही आनंद झाला. "करतेस ना व्यायाम नियमाने?"

"आता करावा लागत नाही," धाकटी म्हणाली. "ऐकू येतो तसा घेते."

"ऐकू येतो? कुणाचा?"

धाकटीने जरा विचार केला. कुणाचा, हे तिच्या मनातच आलं नव्हतं. "माहीत नाही. झोपलेलं असतं कुणीतरी."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "काही बोलतं का? काही करायला सांगतं?"

"नाही हो. झोपलेलंच असतं."

बाईंनी मग शांतपणे समजावलं, की फार दिवस जागरण झालं की मेंदू असे खेळ करतो, आता झोप मिळतेय तर ते आपोआप ओसरेल, आणि नाही ओसरलं तर परीक्षेनंतर आपण मोठ्या डॉक्टरांकडे जाऊ. त्यात खोटं काहीच नव्हतं. धाकटीला ते सगळं पटलं. दारापर्यंत पोचता पोचता तिच्या लक्षात आलं, की इथे, दवाखान्यात, भरदिवसाही ती त्याच श्वासाबरोबर श्वास घेत होती.

४

श्वास हळूहळू लांबत चालला होता.

हे तिला कळलं ते चिमणीमुळे. चिमणी म्हणजे तिच्याबरोबर परीक्षेला बसणारी मैत्रीण. अखंड चिवचिवाट, म्हणून ते नाव. त्या दिवशी वाचनालयाची लिफ्ट बंद होती आणि अभ्यासाची खोली सगळ्यात वरच्या मजल्यावर. दोघी पुस्तकांची पिशवी घेऊन जिना चढल्या. वर पोचल्यावर चिमणीने कठड्याला धरून भात्यासारखी धाप टाकली.

"मेले गं बाई! थांब जरा." मग तिने धाकटीकडे पाहिलं. "तुला नाही लागली धाप?"

"नाही."

"अगं, श्वास तरी घे!" चिमणी हसत म्हणाली आणि हसता हसता थांबली. "नाही, खरंच घे. तू घेतच नाहीयेस."

धाकटी घ्यायला गेली आणि छाती हलली नाही. दार आतून कुणी धरून ठेवावं तसं काहीतरी होतं. गुदमरल्यासारखंही वाटत नव्हतं, हेच भयंकर होतं. ती नुसती उभी राहिली. मग केव्हातरी कानाशी तो श्वास आत गेला आणि त्याबरोबर तिचाही.

"तुझे ओठ बघ," चिमणी हळूच म्हणाली. "शाई प्यायल्यासारखे झालेत." मग ती अभ्यासाला दुसऱ्या टेबलावर जाऊन बसली.

घरी जेवताना घास तोंडाशी थांबायचा. आई म्हणायची, "कुठे तंद्री लागते गं तुझी?" तंद्री नव्हती ती. ती वाट बघायची. दोन श्वासांमधली ती जागा आता इतकी मोठी झाली होती, की तिथे माणूस बसू शकेल, उठू शकेल, खिडकीपर्यंत जाऊन येऊ शकेल. त्या जागेत तिला काही होत नसे. विचार लखलखीत चालत. वाचलेलं सगळं ओळीने आठवे. फक्त त्या जागेत ती अगदी एकटी असे. आई समोर असली तरी एकटी.

५

परीक्षा तोंडावर आली तेव्हा तिने आईला सांगितलं, "आज मी तुझ्याजवळ झोपते, बाहेरच्या खोलीत."

आई हरखली. एवढी घोडी झालीस तरी, असं म्हणत तिने शिवणयंत्र कोपऱ्यात सरकवलं आणि दोघींची अंथरुणं जमिनीवर शेजारी शेजारी घातली. बाबा आतल्या खोलीत गेले. आईने धाकटीला भिंतीकडची बाजू दिली, लहानपणी द्यायची तशी.

धाकटीला तिथे झोप आली नाही. तो श्वास ऐकू येत नव्हता, आणि तिचा स्वतःचा येत होता की नाही, हे तिला चाचपूनही कळेना. आईचा डोळा लागल्यावर ती आवाज न करता उठली, गॅलरीतल्या स्टुलावर जाऊन बसली आणि उजाडेपर्यंत तिथेच राहिली. दूधवाला आला तसं तिने तोंड धुतलं आणि चहाचं आधण ठेवलं.

आई उठून स्वयंपाकघरात आली, ती प्रसन्न होती.

"काय झोपलीस गं रात्री! मी मुद्दाम हात ठेवला होता तुझ्या अंगावर. म्हटलं, बघू तरी खरंच झोपते की सोंग करते. काय तो संथ श्वास! ऐकता ऐकता माझीच झोप अशी गाढ झाली, की कूस बदलल्याचंसुद्धा आठवत नाही."

धाकटीने चहात दूध ओतलं. "मी रात्रभर..." तिने सुरुवात केली.

"अंग मात्र बाई गार लागत होतं तुझं. माझी शाल घातली मी वरून. तर तू हात बाहेर काढून माझा हात घट्ट धरलास. तान्ही असताना धरायचीस तसा." आईने आपला तो हात गालाला लावला. "सोडेचना."

चहा उतू गेला. आई "अगं अगं" करत धावली. धाकटीने बाहेरच्या खोलीकडे पाहिलं. भिंतीकडच्या अंथरुणावर आईची शाल नीट पसरलेली होती. मधोमध ती किंचित उंच होती, आणि मग आईने खिडकी उघडल्यावर वारा आला, की काय झालं कोण जाणे, ती हळूहळू सपाट झाली.

सांगून काय झालं असतं? आईला तिच्या लेकीची एक चांगली रात्र मिळाली होती.

६

परीक्षेचं सभागृह उंच छताचं होतं, ओळीने बाकं मांडलेली. चिमणी पुढे कुठेतरी बसली होती, तिने मागे वळून पाहिलं नाही. धाकटीच्या मागचं, ओळीतलं शेवटचं बाक रिकामं होतं. कुणी उमेदवार आला नव्हता. पर्यवेक्षिका आल्या, त्या बाकावरची प्रश्नपत्रिका त्यांनी उचलली आणि काखेत धरून पुढे गेल्या.

पेपर उघडला. अक्षरं जागच्या जागी होती. धाकटी लिहायला लागली.

आजूबाजूला कुणी पाय हलवत होतं, कुणी खाकरत होतं, पलीकडच्या मुलाचा श्वास गेल्या वर्षी तिचा झाला होता तसा तुटक तुटक येत होता. तिला त्याची दया आली, आणि हेवाही वाटला. त्याचा श्वास त्याचा होता. तिच्या मागे, रिकाम्या बाकावरून, तो दुसरा येत होता. किती लांब अंतराने, ते आता सांगता आलं नसतं. दोन श्वासांच्या मधे तिची पानं भरत होती.

मग एकदा तो आत गेला. नेहमीपेक्षा खोल, जणू आता बराच काळ पुन्हा घ्यावा लागणार नाही असा भरून. तिचाही गेला. आणि तो बाहेर आला नाही.

ती लिहीत राहिली. कान मागे लागलेले. पलीकडचा मुलगा हुंदका दाबत उठला आणि निघून गेला. पर्यवेक्षिकांनी खिडकी लावली. शेवटचा प्रश्न आला, तोही येत होता. तिचा हात भराभर चालत होता, अक्षर सुरेख येत होतं, आणि छाती भरलेल्या मडक्यासारखी स्तब्ध होती. आयुष्यात तिने एवढा चांगला पेपर लिहिला नव्हता.

घंटा झाली. उत्तरपत्रिका देण्यासाठी ती उठली आणि तेव्हा तिने मागे पाहिलं. बाक रिकामंच होतं. फक्त त्याच्या गुळगुळीत फळीवर, कुणी हातांवर डोकं टेकून झोपलं तर तोंड जिथे येईल तिथे, आरशावर धरते तशी वाफ धरली होती. ती कडेने आकसत आकसत नाहीशी झाली.

"काही राहिलं का?" पर्यवेक्षिकांनी विचारलं.

धाकटीने मान हलवली. बोलायला श्वास सोडावा लागतो, आणि तो तिला सोडता येत नव्हता.

७

दार आईनेच उघडलं. बाबाही बस लावून लवकर आले होते. दोघं दारात उभे, तोंडाकडे बघत.

"कसा गेला?"

तिने मान डोलावली.

"चांगला?"

तिने पुन्हा डोलावली. आईने तिचे गाल दोन्ही हातांत धरले. "अगं, बोल की! शब्द फुटेना बघा हिच्या तोंडून. सगळे आले ना प्रश्न? सगळे?"

तिने डोलावली. बाबांनी भिंतीकडे तोंड केलं आणि चष्मा पुसायला घेतला.

तिला आईचा हात धरून स्वतःच्या छातीवर ठेवायचा होता. तिने तो धरलाही. पण आईला वाटलं पोरगी थकली. "चल, आडवी पड जरा. सगळं झालं आता. आता मनसोक्त झोप." आईने तिला दंडाला धरून तिच्या खोलीत नेलं.

दारातूनच तिने पलंग पाहिला. भिंतीकडे तोंड करून कुणीतरी निजलं होतं. पांघरुणातून पाठीचा बाक दिसत होता आणि उशीवर केस, तिच्यासारखीच सैल वेणी. आईला दिसत नव्हतं. आईने पांघरूण झटकून बाजूला केलं, उशी थोपटली, पांघरुणाखाली उरलेला खळगा हाताने सारखा करून पाहिला आणि म्हणाली, "ये." धाकटीने पाय रोवायचा प्रयत्न केला. आईने तिला लहान पोरासारखं उचलल्यागत करून निजवलं, आणि गादीतल्या त्या गार खळग्यात ती अशी बेतशीर बसली, की कुठे बोटभर जागा उरली नाही.

आई जवळ बसून कपाळावरून हात फिरवत राहिली. आणि मग धाकटीच्या छातीतून तो सगळा धरलेला श्वास बाहेर आला. लांब, जड, समाधानी. तो तिने सोडला नव्हता.

"लागली बघा," आई पुटपुटली.

पापण्या मिटलेल्या होत्या आणि आत ती टक्क जागी होती. आईच्या बांगड्या वाजल्या, पडदा ओढल्याचा आवाज आला. पुढचा श्वास येईल म्हणून ती थांबली. तिने बोट हलवायचा प्रयत्न केला. हाक मारायचा प्रयत्न केला. हाकेला लागतो तेवढाही वारा तिच्या अंगात उरला नव्हता.

बाबा दारात आले. त्यांची पावलं वाजली. "उठवू का? जेवायचं तरी..."

"नका हो," आई कुजबुजली. तिच्या आवाजात निवांत सुख होतं. "ओझं उतरलं, म्हणून अशी झोपलीये. आता तिची ती उठेपर्यंत कुणी उठवायचं नाही तिला."

आणि दोघं चवड्यांवर चालत बाहेर गेले. जाताना आईने दार अलगद ओढून घेतलं, आवाज होऊ नये म्हणून.